पुन्हा तेच सायबर ट्रेनिंग!

मार्च आला की आमच्या बँकेच्या मुंबई ऑफिसातून तो व्हिडिओ येतोच. ४५ मिनिटं. काचेच्या ऑफिसात टाय लावलेला माणूस, त्याला आलेला परदेशी लॉटरीचा ईमेल. इकडं आमच्या तालुक्याच्या शाखेत आम्ही पाच जण, लाइन कधी जाईल नेम नाही, आणि व्हिडिओ अडकला की पुन्हा पहिल्यापासून! शेवटी दहा प्रश्न. उत्तरं प्रिंटरला चिकटवलेली आहेत. शिपाईभाऊंची परीक्षाही मीच देतो. शाखा शंभर टक्के पास, बाप्पा!

खरी फसवणूक बाजाराच्या दिवशी काउंटरवर येते. परवा एका काकांनी मोबाईल पुढं केला. "सायेब, किसानचा हप्ता अटकला म्हनते, हे दाबू काय?" व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे दाबली की थेट मोबाईलमध्ये ॲप टाकणारी. नाव पीएम किसान, वर सरकारी चिन्हसुद्धा. २,००० रुपयांच्या आशेनं ती टाकली असती आणि मागेल ती परवानगी दिली असती, तर ओटीपीचे मेसेज परस्पर चोराकडं. कापसाचे पैसे नुकतेच जमा झालेले, बरं का!

हे त्या व्हिडिओत कुठं आहे? पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, पैसे गेले तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा, हे आमच्या काउंटरवरच्या पोरीला रांगेतल्या बाईला समजावताना तोंडपाठ झालं. ट्रेनिंगमधून नाही.

मी दोनदा लिहून कळवलं. काल उत्तर आलं : यंदा ट्रेनिंग रंजक केलंय, कार्टून टाकलंय.

उघडून पाहिलं. कार्टूनलाही टाय आहे.