थांबलेले वजन आणि कॅप्सूलची डबी : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

वजन एका जागी थांबल्यावर पूरक गोळ्या किंवा कॅप्सूल ते पुढे उतरवत नाहीत, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर तुम्ही रोखठोक प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी तुमचे म्हणणे थोडक्यात सांगते. दिवाळीनंतर तुमचे वजन ७४ किलो होते आणि होळीपर्यंत ते ६६ वर आले. त्यानंतर उन्हाळाभर काटा हलला नाही. जुलैच्या सुरुवातीला तालुक्याच्या वजन कमी करण्याच्या एका केंद्रातून तुम्ही गार्सिनिया (कोकमाच्या कुळातले एक फळ) आणि ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्या व पंधरा दिवसांत दोन किलो उतरले. मग संशोधनातले आकडे खरे मानायचे की स्वतःचा अनुभव, असे तुम्ही विचारता.

तुमचा अनुभव खरा आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. प्रश्न इतकाच आहे की त्या दोन किलोंचे श्रेय कोणाचे. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की त्याच आठवड्यात निंदण सुरू झाले होते आणि केंद्रातल्या बाईंनी साखरेचा चहा व रात्रीचा भात बंद करायला सांगितला होता. आपल्याकडे कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की बायांचे शेतातले काम जवळजवळ संपते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे गेला की दुपारी कोणी उंबरठा ओलांडत नाही. म्हणजे तुमचे वजन थांबले ते नेमके अंगमेहनत सर्वांत कमी असलेल्या दिवसांत, आणि पुन्हा उतरू लागले ते सकाळपासून सांजेपर्यंत खुरपे हातात घेऊन ओळीने बसत-उठत पुढे सरकण्याच्या दिवसांत. काम, जेवण आणि कॅप्सूल या तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. त्यांतल्या दोन फुकटच्या होत्या, आणि श्रेय मात्र विकत घेतलेल्या तिसरीला मिळाले.

हिशेबही करून पाहू. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. पंधरा दिवसांत दोन किलो निव्वळ चरबी जायची तर रोज हजारावर कॅलरींची तूट पडावी लागते. ग्रीन टीच्या अर्काची बाजू ज्या अभ्यासामुळे बळकट झाली, त्या १९९९ सालच्या प्रयोगात दिवसभराचा ऊर्जाखर्च सुमारे ४ टक्क्यांनी वाढला होता. तुमच्या बांध्याच्या बाईसाठी ही वाढ ७०-८० कॅलरींची, म्हणजे साधारण एक कप गोड चहाएवढी होते. उरलेला फरक निंदणाने, बंद केलेल्या चहा-भाताने आणि काही प्रमाणात अंगातले पाणी कमी झाल्याने पडला, असेच मानावे लागते. सुरुवातीच्या पंधरवड्यात काट्यावर दिसणारी घट बरेचदा पाण्याची असते, हे केंद्रात सहसा सांगितले जात नाही.

गार्सिनियाबद्दल तर याहून स्पष्ट उत्तर उपलब्ध आहे. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली. सर्वांना सारखाच कमी कॅलरींचा आहार दिला होता. निम्म्यांना गार्सिनियाचा अर्क आणि निम्म्यांना औषध नसलेल्या, दिसायला तशाच कॅप्सूल दिल्या. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरले आणि नुसत्या कॅप्सूलवाल्यांचे ४.१ किलोंनी. दोन गटांतला हा फरक योगायोगाचा मानण्याइतकाच होता, पण काही न घेणाऱ्यांचेही चार किलो उतरले ही बाब मला फार मोलाची वाटते, कारण तिथे काम केले ते आहाराने.

मग वजन का थांबते? वजन उतरले की शरीर लहान होते, त्याला चालवायला कमी ऊर्जा लागते, आणि शिवाय ते स्वतःहूनही काटकसर सुरू करते. वजन आणि चयापचयाचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाचा खर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. आठ किलोंच्या मानाने विचार केला तर ती भूक किती मोठी असेल, हे ध्यानात येईल. अशा भुकेत फोडणीला पळीभर तेल जास्त पडते, पाहुण्यांसोबत आणखी एक चहा होतो, जवसाच्या चटणीवर तेलाची धार थोडी लांबते. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरींचे तेल मावते. यात तुमचा दोष काढण्याचा हेतू नाही. भुकेलेले शरीर हे कोणाकडूनही नकळत करवून घेते. म्हणून कॅप्सूलच्या डबीवर भिस्त ठेवण्याऐवजी तेलाच्या पिशवीवर ती उघडल्याची तारीख लिहा आणि एक लिटर किती दिवस पुरते ते बघा, एवढे मी आग्रहाने सांगेन.

प्रोटीन पावडरही निरुपयोगीच का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. प्रथिनांमुळे पोट जास्त वेळ भरलेले राहते आणि वजन उतरताना स्नायू टिकायला मदत होते, त्यामुळे ती हवीतच. मात्र बाजारातल्या बऱ्याच पावडरींत सोयाबीनचेच प्रथिन असते, आणि आपण घरचे सोयाबीन पोत्यांनी मोंढ्यावर नेऊन घालतो व तेच चकचकीत डब्यातून कितीतरी पट दराने परत आणतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. वाळलेल्या सोयाबीनमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक प्रथिने असतात. ते रात्रभर भिजवून नीट शिजवूनच खावे, कच्चे खाऊ नये. सोबत तुरीचे घट्ट वरण, फुटाणे, आणि चालत असतील तर अंडी आहेतच.

डॉक्टरांना दोन मिनिटे वेळ नसतो आणि केंद्रातल्या बाई दर सोमवारी वजन करून विचारपूस करतात, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. नियमित वजन करणे आणि कोणीतरी आपुलकीने विचारणे याचा उपयोग होतो, आणि त्या केंद्रात खरी कामाची गोष्ट तीच आहे. तुमच्या बचत गटाच्या बैठकीत एक वजनकाटा ठेवून हे होऊ शकते. शिवाय तुम्ही मूळ वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त घट केली आहे आणि उन्हाळाभर टिकवली आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना ७ टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारख्या व्यायामाचे उद्दिष्ट दिले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा थांबलेल्या काट्याला अपयश म्हणू नका.

शेवटी तुम्ही लिहिले आहे की साखर आणि रक्तदाब असलेल्या सासूबाईंनाही हीच डबी सुरू करायचा विचार आहे. ते कृपया करू नका. ग्रीन टीच्या अर्कातला मुख्य घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेल्यास यकृताला इजा होण्याची चिन्हे दिसू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली नोंदवले आहे. वनस्पतीजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या गोळ्यांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध लपवलेले अनेकदा सापडले आहे. रक्तदाब आणि हृदयाला असलेल्या धोक्यामुळे भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने मना आहे, त्यामुळे तसा फलक दिसला तर तिथेच सावध व्हावे. तुम्हाला स्वतःला लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे यांपैकी काहीही जाणवले, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करा, ग्रामीण रुग्णालयात जाऊन यकृताची रक्ततपासणी करून घ्या, आणि डबी फेकून न देता डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.