डिलिव्हरी रोबोट येतोय म्हणे : फिरणाऱ्या मेसेजमधलं खरं किती?

सहा चाकांचा पांढरा डबा फूटपाथवरून तुरुतुरु जातोय, वर छोटा झेंडा हलतोय, मुलं मागे धावतायत. हा व्हिडिओ आणि त्याखालचा लांबलचक मराठी मजकूर सध्या गोव्यातल्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. मजकुराचा गोषवारा असा : रोबोट पूर्णपणे आपोआप चालतो, माणूस लागतच नाही. त्याला ना पगार, ना संप, त्यामुळे डिलिव्हरी जवळजवळ फुकट होणार. रस्त्यावरचे अपघात कमी होणार. दोन वर्षांत तो गोव्यात येणार आणि डिलिव्हरीची पोरं घरी बसणार. शेवटी ठळक अक्षरांत, ‘हे कुणालाच थांबवता येणार नाही.’ खाली कुणी हळहळलंय, कुणी ‘भायले (बाहेरून आलेले) गेले तर बरंच’ असंही लिहिलंय.

यातला एकेक दावा घेऊ.

‘माणूस लागतच नाही.’ कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या परिसरात किवीबॉट नावाचे रोबोट विद्यार्थ्यांना जेवण पोचवायचे. २०१९ मध्ये तिथल्या वृत्तपत्रांत आलं, की त्यांना वाट दाखवणारी माणसं दूर कोलंबियात संगणकासमोर बसतात आणि त्यांना तासाला दोन डॉलरही मिळत नाहीत. रेस्टॉरंटमधून जेवण उचलून रोबोटच्या पोटात ठेवायलाही माणसंच होती. व्हिडिओतल्यासारखे डबे बनवणारी स्टारशिप ही कंपनी २०१४ मध्ये एस्टोनियात सुरू झाली, स्काईप उभारणाऱ्यांपैकी दोघांनी काढलेली. तिचे रोबोट बहुतेक अंतर स्वतःच कापतात, हे मान्य. पण रस्ता ओलांडताना अडलं, कुठे फसलं, की दूर बसलेला माणूस लक्ष घालतोच. म्हणजे काम संपलं नाही, स्कूटरवरून खुर्चीत गेलं, आणि जिथे मजुरी कमी तिथे गेलं. उद्या अमेरिकेतला डबा हाकायला आपल्याकडचाच एखादा पोरगा रात्रपाळीला बसला तर मला नवल वाटणार नाही.

‘जवळजवळ फुकट.’ ॲमेझॉनने जानेवारी २०१९ मध्ये स्काऊट नावाचा रोबोट वॉशिंग्टन राज्यात रस्त्यावर उतरवला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या चाचण्या थांबवल्या. त्याच महिन्यात फेडेक्स या कुरिअर कंपनीनेही आपला रॉक्सो हा डिलिव्हरी रोबोट गुंडाळला. पैशाची चणचण या दोघांना नव्हती. उलट स्टारशिप टिकली आणि ८० लाखांहून जास्त डिलिव्हऱ्या झाल्याचं सांगते. ती टिकली कुठे, हे बघण्यासारखं आहे. बराचसा पसारा अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आवारांत, आणि इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्ससारख्या आखून वसवलेल्या शहरात, जिथे पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी मुख्य रस्त्यांपासून वेगळ्या वाटांचं जाळं आहे.

आता हिशेब करा. फूटपाथवरचा असा रोबोट साधारण माणसाच्या चालीने, ताशी सहा किलोमीटरच्या आसपास चालतो. तीन किलोमीटरवरचं घर म्हणजे जायला अर्धा तास, रिकामं परत यायला अर्धा तास. तासाला एक ऑर्डर. तेवढ्यात स्कूटरवाला दोन-तीन उरकतो, तेही जिना चढून. जिथे माणसाच्या एका तासाला पंधरा-वीस डॉलर मोजावे लागतात तिथे हे गणित कदाचित जमेल. आपल्याकडे पोरगा स्वतःची स्कूटर, स्वतःचं पेट्रोल आणि स्वतःचा मोबाईल घेऊन येतो आणि फेरीमागे पैसे घेतो. त्याच्यापेक्षा स्वस्त पडणारं यंत्र अजून मी तरी पाहिलेलं नाही. ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

‘दोन वर्षांत गोव्यात.’ कुठून चालणार? पणजीत अठरा जून रस्त्याला फूटपाथ आहे, त्यावर पार्क केलेल्या स्कूटरीही आहेत. गावात शिरलात की एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला व्हाळ किंवा शेत, आणि मधल्या रस्त्यावर कदंबाची, म्हणजे सरकारी, बस आली की पायी चालणाऱ्याने कुंपणाला चिकटून उभं राहायचं. पत्ता म्हणजे ‘देवळामागे, तिठ्यावर डावीकडे, पिवळं गेट’. तो अर्धा फोनवर समजतो, उरलेला शेजाऱ्याला विचारून. चोडण-दिवाडीला तर आधी फेरीबोट पकडायची. पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटे सायकलवरून येतो, कुठल्या घराला किती पाव लागतात, कुणाची पिशवी गेटाला टांगलेली असते, हे त्याला तोंडपाठ असतं. ती माहिती कुठल्याच नकाशात नाही.

मात्र आपल्या बाजूने जो विनोद चाललाय तोही तितकाच पोकळ आहे. ‘गोव्याचा पाऊस लागला की डबा बंद’, ‘आमचे कुत्रे त्याचा फडशा पाडतील’ वगैरे. एस्टोनिया आणि फिनलंडमध्ये हे रोबोट बर्फातून चालतात. पाण्याने ते विरघळत नाहीत. अडचण आहे ती फुटक्या रस्त्याची आणि नसलेल्या फूटपाथची, आणि ती आधी आपल्या म्हाताऱ्या माणसांची आहे, मग रोबोटची.

‘अपघात कमी.’ स्कूटरपेक्षा डब्याची धडक सौम्य, एवढं खरं. पण २०१९ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाजवळ रस्ता ओलांडून येणाऱ्या व्हीलचेअरवरच्या विद्यार्थिनीपुढे असाच एक रोबोट फूटपाथच्या उताराच्या तोंडाशी अडून बसला. सिग्नल बदलत होता आणि ती रस्त्यात अडकली. विद्यापीठाला तो प्रयोग काही काळ थांबवावा लागला. पुढच्याच वर्षी त्याच पेनसिल्व्हेनिया राज्याने कायदा करून अशा यंत्रांना पादचाऱ्याचा दर्जा दिला, सुमारे अडीचशे किलो वजनापर्यंतच्या यंत्रालासुद्धा! ज्याला पाय नाहीत तो पादचारी ठरला आणि जिची चाकं हेच पाय, तिने बाजूला व्हायचं.

आता रोजगाराचा दावा, म्हणजे मेसेजमधला सगळ्यात भीती घालणारा भाग. नीती आयोगाने जून २०२२ च्या अहवालात देशातल्या गिग कामगारांची, म्हणजे डिलिव्हरीसारखी सुटी कामं करणाऱ्यांची, संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होईल असा अंदाज दिला होता. पोरं घरी बसणार असं त्यात कुठे दिसत नाही. उलट आणखी पोरं याच कामात येणार असं दिसतं. त्यांचं नुकसान व्हायला रोबोटची गरजही नाही. कुणाला ऑर्डर द्यायची, किती द्यायचे, कुणाचा आयडी बंद करायचा, हे आजच ॲप ठरवतं. ‘पार्टनर’ म्हटलं की पगार नाही, रजा नाही, पीएफ नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. तिच्यात कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीसाठी द्यायची तरतूद आहे. चर्चा करायची तर ती रक्कम गोळा कधी होणार, गोव्यात किती जणांची नोंदणी झाली, यावर करा.

‘रोबोट संप करत नाही’ हे वाक्य उगाच आलेलं नाही, असं मला वाटतं. ३१ डिसेंबर २०२५ ला देशभरातल्या डिलिव्हरी कामगारांच्या संघटनांनी संपाची हाक दिली होती. गोव्यात त्या रात्री ऑर्डरींचा पूर असतो. दर वाढवून मागणाऱ्याला ‘उद्या यंत्र आणू’ असं सांगितलं की तो आजच गप्प बसतो. यंत्र प्रत्यक्षात आणायचीही गरज पडत नाही. आपण मेसेज पुढे पाठवतो तेव्हा हेच काम फुकटात करतो. आणि ‘भायले जातील’ म्हणून खूश होणाऱ्यांना एवढंच विचारतो : पावसात, रात्री अकरा वाजता, तुमच्या गेटाशी उभं राहणारं हे काम त्याच दरात करायला तुमचा मुलगा तयार आहे का?

एका बाबतीत मात्र मेसेज चुकीच्या दिशेला बोट दाखवतो, म्हणून धोका दिसत नाही. रोबोट गोव्यात येईल तो रस्त्यावर नाही, छपराखाली येईल. गुळगुळीत फरशी, लिफ्ट, ठरलेला मार्ग, नंबर घातलेली दारं : हॉटेलचा कॉरिडॉर त्याच्यासाठीच बांधल्यासारखा असतो. अमेरिकेतल्या क्युपर्टिनोच्या एका हॉटेलात टॉवेल आणि टूथब्रश खोलीपर्यंत नेणारा रोबोट २०१४ मध्येच कामाला लागला. चीनमधल्या हॉटेलांत आज त्याचं कुणाला अप्रूप नाही. कळंगुट ते कोळव्यापर्यंत रूम सर्व्हिसमध्ये राबणारी माणसं किती, आणि त्यात पेडणे-सत्तरी-डिचोलीची आपली मराठी बोलणारी मुलं किती, ते आठवून बघा. अर्थात तिथेही मजुरीचं गणित आहेच. पण महागड्या रिसॉर्टला पाहुण्यांसमोर मिरवायला एखादा डबा परवडतो, आणि एकदा तो आला की पुढच्या सीझनला दोन मुलं कमी घेतली तरी बाहेर कुणाला कळत नाही. फूटपाथवरचा रोबोट सगळ्यांना दिसतो, म्हणून त्यावर वाद होतो. हा दिसणारच नाही.

राहिला तो ठळक अक्षरांतला शेवट, ‘कुणालाच थांबवता येणार नाही.’ सॅन फ्रान्सिस्को हे या कंपन्यांचं माहेरघर. त्या शहराने डिसेंबर २०१७ मध्येच फूटपाथवरच्या रोबोटांवर कडक मर्यादा घातल्या. टोरंटोने डिसेंबर २०२१ मध्ये, अपंग आणि वृद्धांच्या अडचणीचा विचार करून, त्यांना फूटपाथवर बंदीच केली. जपानने उलट एप्रिल २०२३ पासून कायदा बदलून परवानगी दिली, कारण तिथे माल पोचवायला माणसंच मिळेनात. आपल्याकडे विनाचालक गाड्या येऊ देणार नाही, चालकांचं काम जाईल, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितलं. ते तुम्हाला पटो न पटो, निर्णय माणसांनीच घेतले, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे.

आणि ‘थांबवता येत नाही’ हे गोव्यात सांगायचं? देशभर पसरलेल्या ओला-उबरला इथल्या टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं शिरू दिलेलं नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोवामाइल्स या टॅक्सी ॲपवरून अजून भांडणं चालू आहेत, आणि मे २०२५ मध्ये ॲपवरच्या टॅक्सींसाठी नियमांचा मसुदा आला तेव्हाही गदारोळ झालाच. त्यात प्रवाशांचं भलं झालं की नाही, यावर माझं मत टॅक्सीवाल्यांना आवडणारं नाही. पण त्यांच्यापाशी संघटना होती आणि आमदारांच्या दारात जाऊन बसायची ताकद होती. डिलिव्हरीच्या पोराचं बहुधा इथल्या मतदारयादीत नावच नसतं.