टिंगमोच्या पोटात काय आहे?

धरमशालेतल्या मॅक्लिओडगंजच्या एका लहानशा तिबेटी खानावळीत जागा नसल्यामुळे मला ज्या गृहस्थांच्या टेबलावर बसवण्यात आले, त्यांनी माझ्या ताटलीतला टिंगमो, म्हणजे उकडलेला तिबेटी पाव, माझी परवानगी न घेता स्वतःच्या बोटांनी फोडला, ही गोष्ट मी अद्याप विसरू शकलेलो नाही.

मी मराठी आहे एवढे त्यांना माझ्या फोनवरील बोलण्यावरून कळले होते आणि तेवढ्या भांडवलावर ते माझे काका झाले होते.

“बघा, आत काहीच नाही! मला वाटलं, माझ्याच मोमोत सारण भरायचं राहिलं. पण हे सगळ्यांनाच फसवताहेत.”

“काका, हा मोमो नाही, टिंगमो आहे. यात सारण नसतंच.”

“नसतंच? मग पैसे कशाचे घेतात, वाफेचे?”

यीस्टने फुगवलेला मैदा लाटून, तेल लावून, गुंडाळून, त्याचे तुकडे पिळून उकडतात. तेलामुळे सुटणारे हे पदर शाप्ता या मांसाच्या पदार्थाचा किंवा फिंग या पारदर्शक शेवयांचा रस्सा टिपून घेण्यासाठी असतात, असे मी नम्रपणे सांगितले. काकांनी ते सर्व शांतपणे ऐकले आणि उरलेला अर्धा टिंगमोही उलगडून पाहिला. न जाणो, सारण शेवटच्या पदरात असायचे.

मग त्यांनी मालकीणबाईंना हाक मारली. “बहनजी, इसमें भरने का रह गया.”

“अंकल, ऐसा ही होता है,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या सुरावरून हे वाक्य त्यांना रोजच म्हणावे लागत असावे. दलाई लामा १९६० साली धरमशालेला आले, तेव्हापासून ही तिबेटी मंडळी इथे राहत आहेत, तरी आपली भाकरी पोकळ का, याचा जबाब त्यांनी प्रत्येक पर्यटकाला द्यायचा. पोळीत भाजी का भरली नाही, असे आपल्याला कोणी विचारत नाही. आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावला, १९७२पासून तिबेटी वसाहत आहे, हेही मी चिडून सांगून टाकले.

“मग तिकडे भरून देत असतील,” काका म्हणाले.

एव्हाना माझा टिंगमो गार पडून चिवट झाला होता आणि नवा घाणा उतरायला अवकाश होता. काकांनी पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली, माझ्या ताटलीतला मोठा तुकडा तिच्यात घोळवून तोंडात टाकला आणि “आता कुठे जरा चव आली,” असे म्हणत डबीचे झाकण घट्ट लावून टाकले.