अकरावा दिवस आणि आईचा चहा

आमच्या कळव्याच्या मावशीने आईला व्हॉट्सअॅपवर एक मेसेज पाठवला. तिला कोणी पाठवला ते विचारू नका. मजकूर असा: स्टेम सेल ट्रान्सप्लांटच्या पेशंटसाठी घरच्यांनी रोज १०८ वेळा महामृत्युंजय जप केला की अकराव्या दिवशी नव्या पेशी तयार होतात, अमेरिकेत सिद्ध झालंय. उशाशी अंगारा आणि ताजी फुलं ठेवा. पंचामृत द्या. थंड काही देऊ नका, गुळवेलीचा काढा पाजा. एवढं करूनही रक्तातल्या पेशींचा काउंट वाढला नाही तर घरात कोणाची तरी श्रद्धा कमी पडतेय. आणि २१ जणांना पाठवा, हे आलंच.

एरवी मी डिलीट करून मोकळी झाले असते. पण दादा तेव्हा नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ट्रान्सप्लांटच्या खोलीत होता, आणि नौपाड्यात ७८ वर्षांची आई तो मेसेज चष्मा लावून परत परत वाचत होती.

आधी अकरा दिवसांचं बघू. दादाला मल्टिपल मायलोमा, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर. त्याच्याच पेशी आधी रक्तातून काढून गोठवल्या, मग मेल्फालान या केमोच्या औषधाच्या जबर डोसने हाडांतली मज्जा रिकामी केली आणि त्या पेशी पुन्हा शिरेतून सोडल्या. (गोठवताना घातलेल्या द्रव्यामुळे खोलीभर लसणीसारखा वास येतो, मेसेजवाल्यांना हे कसं सुचलं नाही कोण जाणे.) अशा ट्रान्सप्लांटमध्ये पेशी रुजून काउंट वर यायला साधारण १० ते १४ दिवस लागतातच. जप करा, नमाज पढा, नाहीतर काहीच करू नका. कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

‘अमेरिकेत सिद्ध’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हृदयविभागातल्या ३९३ पेशंटांचा एक अभ्यास आला होता. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांची तब्येत काही बाबतींत बरी राहिली, असा त्याचा निष्कर्ष. पण गोष्ट तिथे थांबत नाही. २००६ मध्ये हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने बायपासच्या १,८०२ पेशंटांवर हेच कितीतरी काटेकोरपणे तपासलं. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, पण ती होत होती, त्यांच्यात गुंतागुंत झाली ५२ टक्क्यांना. ज्यांना तसंच माहीत नव्हतं आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना झालीच नाही, त्यांच्यात ५१. आणि नक्की होतेय असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९! असं का, याचं पक्कं उत्तर संशोधकांकडेही नव्हतं. ‘इतके लोक देवाला साकडं घालताहेत म्हणजे मी फारच आजारी असणार’ या धास्तीने असेल, असा एक अंदाज.

धास्ती कशी असते ते मी घरातच पाहिलं. नवव्या दिवशी दादाचा न्यूट्रोफिलचा (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) काउंट १०० च्या आत होता. त्या टप्प्यावर तो तसाच असतो, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. रात्री आईचा फोन: “अगं, मंगळवारी मी जपाच्या आधी चहा घेतला होता. त्याने तर नसेल ना?” मी नाही म्हटलं, चारदा म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळचा चहा आणि बीपीची गोळी दोन्ही जपानंतरवर ढकललं. काउंट ५०० च्या वर गेला तो तेराव्या दिवशी. आम्ही सगळे आनंदात, आणि आई बोटं मोजून म्हणते, “म्हणजे दोन दिवस माझ्या चहाचे.” ज्याने ते श्रद्धेचं वाक्य लिहिलं, त्याला हे ऐकवायचं होतं मला.

अंगारा आणि फुलं. खोलीत हेपा फिल्टर लावून हवा गाळून सोडतात, ती कशासाठी? पेशंटच्या अंगात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. फुलांवर, मातीवर, धुळीत अॅस्परजिलससारखी बुरशी असते. तुम्हाआम्हाला तिने काही होत नाही, त्याला न्यूमोनिया होऊ शकतो. भाच्याने रुमालात बांधून नेलेली पुडी सिस्टरने दारातच काढून घेतली, बरं झालं. पंचामृतात असतं कच्चं दूध, दही आणि मध. त्या दिवसांत नेमकं हेच टाळायला सांगतात. काढ्याचं तर बोलायलाच नको, डॉक्टरांना न विचारता काही पाजायचं नाही.

आणि ‘थंड देऊ नका’? मेल्फालान चढत असताना सिस्टर दादाच्या तोंडात बर्फाचे खडे भरत होत्या. गारठ्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथे औषध कमी पोचतं, मग फोड कमी येतात.

आई रोज संध्याकाळी फोनवर त्याला रामरक्षा म्हणून दाखवायची. एकदा दादा म्हणाला, “आई, यात डोक्यापासून पायापर्यंत सगळं आहे, मज्जा कुठेय?” आई म्हणाली, “अखिलं वपुः आहे ना शेवटी, त्यात सगळं आलं.” तो हसला. तोंडात फोड असताना हसला. हे मी कशाला थांबवू?

तर मावशी, २१ जणांना पाठवायचंच असेल तर हे पाठव. ट्रान्सप्लांटच्या पेशंटांना प्लेटलेट लागतात, आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. त्या द्यायला ब्लड बँकेत दीड-दोन तास मोकळे ठेवून या, नीट जेवून या, आदल्या तीन दिवसांत अॅस्पिरिन घेतली असेल तर आधी सांगा. दादाच्या वेळी कुटुंबाच्या ग्रुपवर ६० जणांनी हात जोडले होते. ब्लड बँकेत दोघे आले.