किल्लारी पौर्णिमेला हादरली, पण चंद्रामुळे नाही

हिंगोली-नांदेडकडे जमीन हलली की मराठवाड्यातल्या ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा फिरू लागतो. मोठे भूकंप पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागेच होतात. ग्रह एका रेषेत आले की पृथ्वी ताणली जाते. एका डच अभ्यासकाने तुर्कस्तानचा भूकंप तीन दिवस आधी सांगितला होता. आणि महाराष्ट्र प्लेटच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या, काठावर नसताना किल्लारी झाली कशी? शेवटी, पुढच्या पौर्णिमेला घराबाहेर झोपा. लोक हे काळजीपोटी पाठवतात. किल्लारीची ती पहाट ज्यांनी पाहिली, त्यांची भीती तर खरीच आहे. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

आधी तिथी. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली, तेव्हा अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पौर्णिमा होती, हे मान्य. पण ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा पौर्णिमेला अजून पाच दिवस होते. २०१५चा नेपाळचा आणि २०११चा जपानचा, दोन्ही शुक्ल पक्षाच्या मध्यावरचे. मार्च आणि जुलै २०२४मध्ये हिंगोली-नांदेड भागात ४.५चे धक्के बसले, तेही या तिथींपासून चार-पाच दिवस दूर. भुजचा मात्र अमावास्येनंतर दोन दिवसांत झाला, आणि मेसेजमध्ये नेमका तोच दिसतो. खरी गोम ‘आगेमागे’ या सवलतीत आहे. पौर्णिमा आणि अमावास्या, दोन्हींच्या अलीकडचे-पलीकडचे दोन-दोन दिवस धरले की साडेएकोणतीस दिवसांच्या चांद्रमासातले दहा दिवस झाले. भूकंप कसेही विखुरलेले असले, तरी तिसरा हिस्सा त्यांत पडणारच.

मग चंद्राचा काहीच संबंध नाही? थोडा आहे. त्याच्या ओढीने समुद्राला भरती येते तशी घट्ट जमीनही किंचित वर-खाली होते, आणि तुटायच्या बेतात आलेल्या खडकावर या ओढीने थोडी भर पडू शकते, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण भूकंपात खडकावरचा जो ताण मोकळा होतो, त्याच्या साधारण हजारावा भाग एवढीच ही ओढ. ताण साठायला शेकडो-हजारो वर्षं लागतात. चंद्र तर रोजच खेचतोय.

ग्रहांचं त्याहून लवकर आटोपतं. शुक्र सर्वांत जवळ असतानाही त्याची ही ओढ चंद्राच्या दहा हजाराव्या भागाहून कमी, गुरूची त्याहूनही कमी. सगळे एका ओळीत उभे राहिले तरी बेरीज नगण्यच.

डच अभ्यासक म्हणजे फ्रँक हूगरबीट्स. ३ फेब्रुवारी २०२३ला त्यांनी लिहिलं की ‘आज ना उद्या’ दक्षिण-मध्य तुर्कस्तान, सीरिया, जॉर्डन, लेबनॉन या पट्ट्यात साडेसातच्या आसपासचा भूकंप होईल. ६ तारखेला ७.८चा झाला. पण तारीख त्यांनी दिलीच नव्हती. तिथला पूर्व अनातोलिया प्रस्तरभंग (जमिनीतली मोठी भेग) भूशास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होता, २०२०मध्ये त्याच्यावरच एलाझिगचा भूकंप झाला होता. तिथे कधी तरी मोठा भूकंप होणार, हे कुणीही भूशास्त्रज्ञ सांगू शकला असता. कधी, कुठे आणि किती मोठा, ही तिन्ही उत्तरं आधी देणं आजवर कुणालाच जमलेलं नाही.

प्लेटच्या काठावर नसताना किल्लारी झाली कशी, हा प्रश्न मात्र रास्त आहे. भारतीय प्लेट वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटते आहे. हा रेटा फक्त काठावर राहत नाही, अख्ख्या प्लेटमध्ये पोचतो, आणि आपल्या काळ्या पाषाणाखाली फार जुन्या भेगा आहेत. अशी एखादी भेग सोसेनाशी झाली की सरकते. किल्लारीत ती उथळ होती, म्हणून ६.२च्या धक्क्यानेही एवढा विध्वंस झाला. १९९२च्या पावसाळ्यानंतर तिथे लहान धक्केही बसून गेले होते.

कोयनेत हेच आणखी स्पष्ट दिसतं. कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, भरू लागला आणि त्यानंतर धक्के सुरू झाले. ताण खडकात आधीपासून होता. पाणी भेगांत झिरपलं, आतला दाब वाढला आणि खडकांची एकमेकांवरची पकड सुटली. आजही तिथे पावसाळ्यात धरण भरल्यावर आणि पुढे पाणी उतरताना धक्के वाढतात. धरणातली पातळी आणि धक्क्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की हे कळतं. हाच संबंध समजून घेण्यासाठी कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल विवर खोदलं गेलं.

आता तो घराबाहेर झोपण्याचा सल्ला. धक्का पौर्णिमा पाहून येत नाही, त्यामुळे एक रात्र बाहेर काढून काही साधत नाही; बघायचं ते घराकडे. किल्लारीत हजारो माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, ओझं अंगावर कोसळून. तशी घरं अजूनही आहेत. तुमचं तसं असेल तर माळवदावर वर्षानुवर्षं चढत गेलेली माती उतरवून घ्या, भिंतींचे कोपरे एकमेकांत बांधून घ्या, आणि नवं बांधत असाल तर दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सलग लोखंडी सळयांचा काँक्रीट पट्टा टाकायला गवंड्याला सांगा.