तो संथ भाग काऊन गाळायला लावला?

कालपासून डोकं भणभणून राहिलं आहे, म्हणून लिहिते.

काल माझ्या लेकीने एका कार्यक्रमात चेलोवर (व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य) रशियन संगीतकार शोस्ताकोविचचा चेलो-पियानो सोनाटा, म्हणजे या दोन वाद्यांसाठीची रचना, वाजवला. भाग चार, वाजले तीन. स्टेजवर जायच्या पाच मिनिटं आधी आयोजकांपैकी एक जण येऊन म्हणाले, "ते संथवालं काढून टाक बेटा, वेळ कमी आहे, लोकं कंटाळतात."

वेळ गेला कुठे? दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अकरा जणांचे सत्कार. प्रत्येकाला शाल-श्रीफळ, प्रत्येकाचा परिचय. आणि सात-आठ मिनिटांचा लार्गो, म्हणजे तो संथ भाग, जड झाला!

तो लार्गो तिने कसा बसवला ते मी पाहिलंय. मे महिना, बाहेर 45. कूलर चालू असला की चेलोच्या सगळ्यात जाड तारेचा सूर त्या घरघरीत बुडतो, म्हणून पोरगी कूलर बंद करून बसायची. कोरड्या हवेने खुंट्या सैल व्हायच्या, दर दहा मिनिटांनी सूर उतरायचा. हनुवटीवरून घाम टपटप चेलोवर पडायचा. ती ओढणीने पुसायची आणि पुन्हा त्याच चार ओळी.

विलंबित गाळून थेट द्रुत गा, असं कोणत्या बुवांना सांगाल का हो? दुसऱ्या भागाची दणदण संपल्यावर हा लार्गो येतो, खालच्या सुरात, एकट्या माणसाने रात्री बोलावं तसा. तो काढला की उरतं काय? आणि निवेदिका म्हणते, "पियानोवर साथ". साथ नाही ती! सोनाट्यात दोघंही बरोबरीचे. 1934 मध्ये लेनिनग्राडला हा पहिल्यांदा वाजला तेव्हा चेलोवर कुबात्स्की होता आणि पियानोवर खुद्द शोस्ताकोविच.

हेच दोघं जानेवारी 1936 मध्ये कार्यक्रमासाठी आर्खांगेल्स्कला गेले होते. तिथे शोस्ताकोविचच्या हातात 'प्रावदा', सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचा पेपर, पडला. त्याच्या ऑपेराची पार चिरफाड केली होती त्यात. संगीत कसं असावं हे वरून ठरवून राहिले होते. नाही, कालच्या माणसांची त्या राजवटीशी तुलना करत नाही मी. रागात लिहिलं, पण खोडत नाही.

हॉलचं भाडं, साउंडवाला, सगळं आयोजकांनाच पाहावं लागतं, मान्य. नागपुरात चेलोला स्टेज दिलं, हेही मान्य. पण मग तेवढी सात मिनिटं द्यायची होती ना. माझी पोरगी "हो काका" म्हणाली आणि स्टँडवरची तीन पानं काढून माझ्या हातात दिली. घामाने कडा फुगलेली पानं. कार्यक्रमभर ती मी मांडीवर घेऊन बसले होते.

आत्ता हे लिहितेय तर आतल्या खोलीतला कूलर बंद झाला. लार्गोच आहे. पियानोवरचे सर नाहीत, पियानो नाही. पियानोच्या जागा ती रिकाम्याच सोडते, ओठांनी मात्रा मोजत, आणि बरोबर तिथेच पुन्हा गज ठेवते.