साइटेशनच्या आकड्यात परभणी क्रांती कुठे दिसते?

मराठवाड्यातल्या प्राध्यापकांच्या आणि शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणीच्या शास्त्रज्ञांचा एच-इंडेक्स गुगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्रावर बघा, आयआयटीवाल्यांशी ताडून बघा. साइटेशन, म्हणजे आपल्या पेपरचा दुसऱ्यांनी घेतलेला संदर्भ, नाही म्हणजे संशोधनच नाही, असं त्यात म्हटलंय. पुढे म्हणे, एकेका पेपरवर आठ-दहा जण म्हणजे नुसती नावं चिकटवलेली. आणि जगातल्या वरच्या शास्त्रज्ञांच्या 'स्टॅनफर्डच्या दोन टक्के यादीत' जो नाही, त्याला शास्त्रज्ञ म्हणू नये. तिन्ही मुद्दे चूक आहेत. पहिला तर अन्यायाचा आहे.

दहा पेपरांचा प्रत्येकी किमान दहा वेळा संदर्भ घेतला गेला, तर एच-इंडेक्स दहा. हे माप 2005 साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलं, आणि एका आकड्यातून माणसाच्या कामाचा फार तर ढोबळ अंदाज येतो, हेही त्याच लेखात बजावलं. विषय बदलला की आकडा बदलतो. वैद्यकात संदर्भांचा पाऊस पडतो, गणितात वर्षानुवर्षं थेंब. गणिताच्या प्राध्यापकाला जीवशास्त्रज्ञाशेजारी उभं करून कमी ठरवणं हा हिशोबच खोटा.

आता परभणीचं बघा. पुसा सावनी भेंडीवर पांढऱ्या माशीमुळे शिरा पिवळ्या पडण्याचा विषाणूरोग येऊ लागला, तेव्हा इथल्या कृषी विद्यापीठाने तिचा एका रानटी जातीशी संकर केला, पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी जुळवला आणि 'परभणी क्रांती' हा वाण दिला. रोगाला तोंड देणारी ही भेंडी मराठवाड्याबाहेरही पेरली गेली. जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राची बीएसएमआर 736 ही तूर मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद देत नाही. बियाणं पेरणारा शेतकरी कोणत्याही जर्नलात संदर्भ देत नाही. मराठीतल्या शिफारशी, घडीपत्रिका, बांधावरची प्रात्यक्षिकं यांतलं काहीच त्या आकड्यात येत नाही. आमच्या भागातल्या कित्येक शास्त्रज्ञांचं आयुष्य याच कामात गेलं आहे, त्यांना 'संशोधन नाही' म्हणताना जीभ अडखळायला हवी.

शिवाय गुगल स्कॉलरची नोंद यंत्र करतं. पाटील, जाधव, शिंदे ही आडनावं आणि पुढे दोन आद्याक्षरं, एवढ्यावर एकाचे पेपर दुसऱ्याच्या खात्यात सहज जातात. प्रोफाइल उघडलेलंच नसेल, तर माणूस शोधूनही नीट सापडत नाही.

नावांच्या गर्दीचं म्हणाल तर, ज्वारीचा एक वाण काढायला पैदासकार लागतो, रोगशास्त्रज्ञ, कीटकशास्त्रज्ञ लागतो, धान्याचा कस तपासणारा लागतो, आणि वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या घेणारे लागतात. लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी 2018 मध्ये आली, ती परभणीचं कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांनी मिळून. भौतिकशास्त्रातल्या हिग्ज या मूलकणाचं वस्तुमान सांगणाऱ्या 2015 च्या पेपरवर तर 5,154 लेखक होते. काम न करता नाव घालणारे असतात, ते पकडावेत. पण कोणी काय केलं हे विचारून, नावं मोजून नव्हे.

दोन टक्के यादी म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठाने दिलेला पुरस्कार नव्हे. तिथले जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या शोधनिबंधांच्या माहितीसाठ्यावरून गुण काढतात. त्यात सारा हिशोब संदर्भांचा आणि लेखकक्रमाचा. ज्यांच्या नावाने हिग्ज कण ओळखला जातो, त्या पीटर हिग्ज यांनी 1964 नंतर दहापेक्षा कमी पेपर लिहिले, आणि 2013 चं नोबेल मिळवलं.

त्या मजकुरात आणखी एक तक्रार आहे, ती मात्र खरी: पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं. मे 2018 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, आपल्या मान्य जर्नलांच्या यादीतून 4,305 जर्नलं काढली. पण ही बोगसगिरी फोफावली ती बढतीसाठी आणि पीएचडीसाठी पेपर मोजल्यामुळेच. पीएचडीआधी पेपर छापण्याची सक्ती 2022 च्या नियमांत यूजीसीनेच उठवली. आता पेपरांऐवजी साइटेशन मोजा म्हणणाऱ्यांनी, एकमेकांना संदर्भ देऊन आकडे फुगवणारे गटही जगात उघडकीला आले आहेत, हे आधी बघावं.